ठाणे-नवी मुंबईत घर घ्यावे की भाड्याने राहावे: देशाचे आकडे वाचून स्वतःचा हिशेब कसा मांडावा

माझा भाचा ऐरोलीतील एका कंपनीत नोकरी करतो आणि बायकोसह घणसोलीत भाड्याने राहतो. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या जेवणाला सगळे जमलो असताना त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, कुठेतरी वाचलेला एक आकडा त्याच्यापुढे ठेवला: या देशात शंभरातली शहाऐंशी कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात. ‘मग तुम्हीच तेवढे दुसऱ्याच्या घरात का?’ हा त्यापुढचा प्रश्न होता. आकडा बरोबर होता. पण घणसोलीतल्या एका जोडप्याने काय करावे, हे त्यावरून ठरत नाही. ते कशावरून ठरवावे याची रीत पुढे दिली आहे. भाचा आणि मी त्या संध्याकाळी वहीच्या दोन पानांवर जो हिशेब केला, तोच उदाहरणादाखल घेतला आहे.

आधी देशाचा आकडा नीट वाचावा

ताईने सांगितलेला आकडा २०११च्या जनगणनेचा आहे. नेमका बोलायचा तर तो ८६.६ टक्के असून त्यात खेडी आणि शहरे एकत्र धरलेली आहेत. ग्रामीण भागात ९४.७ टक्के कुटुंबे मालकीच्या घरात होती. शहरी भागात हे प्रमाण ६९.२ टक्के होते आणि २७.५ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. शहरांत चारांतले एक कुटुंब, किंबहुना त्याहून थोडी अधिकच कुटुंबे, भाडेकरू होती. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला स्वतःची तुलना करायचीच असेल, तर त्याने ती या शहरी आकड्याशी करावी.

त्यानंतर ‘मालकीचे’ या शब्दाचा अर्थ तपासावा. घर कुटुंबाचे आहे आणि त्याचे भाडे द्यावे लागत नाही, एवढे जनगणनेला पुरते. खालची जमीन स्वतःची असण्याची अट नाही. हप्ते चालू असलेला फ्लॅटही मालकीचाच धरला जातो. त्यामुळे वागळे इस्टेटच्या मागच्या वस्तीत स्वतः उभारलेले पत्र्याचे घर आणि घोडबंदर रस्त्यावरचा, बँकेकडे गहाण असलेला तीन बेडरूमचा फ्लॅट, ही दोन्ही घरे एकाच रकान्यात जातात. उलट ज्याचा बदलापूरला स्वतःचा फ्लॅट आहे, पण मुलांच्या शाळेसाठी जो ठाण्यात भाड्याने राहतो, तो जनगणनेच्या लेखी भाडेकरू ठरतो. मालकीचा हा आकडा ऐपत मोजत नाही आणि घराची स्थितीही मोजत नाही.

काळानुसार झालेला बदल याहून बोलका आहे. १९६१ साली शहरी भारतात सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती आणि २०११पर्यंत हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. या घसरणीचे श्रेय केवळ वाढत्या सुबत्तेला देणे मला पटत नाही. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने आणि इतर राज्यांतल्या तशाच कायद्यांनी भाडी गोठवली. पुढे त्या भाड्यातून कौले शाकारण्याचाही खर्च निघेना, तेव्हा भाड्याने देण्यासाठी चाळी बांधणे मालकांनी सोडून दिले. ठाण्याच्या जुन्या वस्तीत पागडीच्या (म्हणजे आधी एकरकमी पैसे घेऊन नाममात्र भाड्याने दिलेल्या) इमारतींच्या रूपाने याच्या खुणा आजही आहेत. नवी मुंबईत पागडी सहसा आढळत नाही, कारण हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापनाच १९७० सालची आहे आणि तोवर भाड्यासाठी बांधण्याचा काळ सरला होता. भाडेकरू कमी झाले त्यात घर घेऊ शकणारे वाढले हा भाग आहे, तसाच भाड्याने मिळणारी घरेच आटली हाही आहे.

याला जोडून आणखी दोन आकडे पाहावेत. २०११मध्ये शहरी भारतात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी होती आणि २०१२मध्ये केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाने शहरी घरांची तूट सुमारे १.८८ कोटी एवढी काढली. या तुटीत उघड्यावर राहणारी कुटुंबे ५.३ लाखच होती. दीड कोटीच्या आसपास कुटुंबे घरात होती, पण दाटीवाटीने राहत होती. घरे रिकामी आणि माणसे दाटीत, असे एकाच वेळी घडते, कारण मालकाला भाडेकरूची धास्ती वाटते आणि मिळणारे भाडे घराच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. जाता जाता एक सुचवतो: भाड्याचे घर पाहायला जाल तेव्हा रात्री नऊच्या सुमारास त्या टॉवरसमोर उभे राहून अंधाऱ्या खिडक्या मोजाव्यात. घासाघीस करण्यापूर्वीची ही तयारी फुकट होते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत, २०१८ साली, शहरी भागातील ६३.८ टक्के कुटुंबांचे स्वतःचे घर असल्याचे दिसले. हा आकडा २०११च्या ६९.२ टक्क्यांशेजारी ठेवून ‘मालकी घटली’ असे म्हणण्याचा मोह आवरावा, कारण जनगणना आणि नमुना सर्वेक्षण यांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. २०२१ची जनगणना लांबणीवर पडली आणि पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून ठरली आहे, तेव्हा तिचे तक्ते हाती येईपर्यंत २०११शी जुळणारी नवी आकडेवारी मिळणार नाही.

स्थानिक किमतींसाठी मात्र एवढे थांबण्याची गरज नाही. राष्ट्रीय आवास बँकेच्या ‘रेसिडेक्स’ निर्देशांकात ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल यांचे आकडे स्वतंत्रपणे मिळतात आणि ते दर तिमाहीला येतात. याहून उपयोगी साधन म्हणजे राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा, कारण तिच्यावर आपण पाहत असलेल्या इमारतीतील नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे किमतीसह नोंदणीचे गोषवारे, पाहता येतात. एजंट ‘इथे आता सव्वाच्या खाली काही नाही’ असे सांगत असताना त्याच इमारतीत चार महिन्यांपूर्वी काय नोंदले गेले, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

मग स्वतःचा हिशेब मांडावा

भाचा राहतो तो टू बीएचके फ्लॅट २८,००० रुपये भाड्याचा आहे. तसाच फ्लॅट विकत घ्यायचा तर एक कोटी रुपये पडतील, असे गोल आकड्याने धरू. वर्षाचे भाडे ३ लाख ३६ हजार होते, म्हणजे किमतीच्या ३.३६ टक्के. हाच भागाकार प्रत्येकाने प्रथम करावा: वर्षाचे भाडे भागिले घराची किंमत. उत्तर गृहकर्जाच्या व्याजदराच्या जितके खाली, तितके भाड्याने राहणे आज स्वस्त पडते.

यानंतर हातात किती रोख लागेल, ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. एक कोटीच्या फ्लॅटवर म्हणून ७५ लाखांचे कर्ज धरावे आणि २५ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च एवढ्या किमतीच्या घरासाठी बँकेच्या या टक्केवारीत धरला जात नाही, तो वेगळा खिशातून जातो. ठाणे आणि नवी मुंबईत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे. खरेदी बाईच्या नावे असल्यास १ टक्क्याची सवलत मिळते. नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. असे ३२ लाख ३० हजार रुपये हाती असावे लागतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला तर त्यावर ५ टक्के जीएसटी चढतो. मुंबई महानगर प्रदेशात ४५ लाखांपर्यंतच्या आणि ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेटच्या घराला तो १ टक्का लागतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे पूर्ण झालेल्या इमारतीत राहण्याची अधिकृत परवानगी, मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी नाही.

७५ लाखांच्या कर्जाला ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी महिना सुमारे ६५,१०० रुपयांचा हप्ता येतो. पहिल्याच हप्त्यात व्याज ५३,१२५ रुपये असते आणि मुद्दल जेमतेम १२,००० रुपयांनी कमी होते. ‘भाडे वाया जाते, हप्ता तरी आपल्याच घरात जातो’ हे वाक्य आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते. ते म्हणणाऱ्याला हा पहिला हप्ता फोडून दाखवावा. पहिल्या वर्षी भरलेल्या ७ लाख ८१ हजारांपैकी सुमारे ६ लाख ३२ हजार रुपये व्याजात जातात आणि तेही भाड्याइतकेच परत न येणारे असतात.

आता दोन्ही बाजूंचा न परतणारा खर्च मांडू. घर घेतल्यास पहिल्या वर्षी व्याज ६.३२ लाख, गुंतलेल्या ३२.३ लाखांवर ७ टक्क्यांनी बुडालेले व्याज २.२६ लाख; मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून ६०,००० रुपये; एकूण ९.१८ लाख. भाड्याने राहिल्यास भाडे ३.३६ लाख, आणि दलाली व सामान हलवण्याचा खर्च सरासरीने वर्षाला ३०,००० धरला, तर ३.६६ लाख. फरक साडेपाच लाखांचा आहे. यात मुद्रांक व नोंदणीचे ७.३ लाख वर्षांवर वाटून मिळवावेत. पाच वर्षांत घर विकायचे झाले तर वर्षाला १.४६ लाख वाढतात आणि फरक सुमारे ७ लाखांवर जातो. पंधरा वर्षे राहायचे असेल तर वाढ ४९ हजारांची होते आणि फरक ६ लाखांच्या आसपास राहतो. याचा अर्थ असा की पाच वर्षांच्या मुक्कामात घराची किंमत दरवर्षी सुमारे ७ टक्क्यांनी आणि पंधरा वर्षांच्या मुक्कामात सुमारे ६ टक्क्यांनी वाढली, तर दोन्ही पारडी बरोबरीत येतात. ही वाढ आपल्या पेठेत, आपल्या इमारतीत शक्य वाटते का, याचे उत्तर इंडेक्स टूच्या जुन्या नोंदी पाहून द्यावे. ‘जमिनीचा भाव कधी उतरत नाही’ या भरवशावर देऊ नये.

हा हिशेब ढोबळ आहे. भाडे दरवर्षी वाढते, मुद्दल हळूहळू फिटते आणि व्याजाचा भार उतरत जातो, म्हणून जसजशी वर्षे जातात तसतसे पारडे मालकीकडे झुकते. त्यामुळे सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न ‘याच गावात, याच मार्गावर आपण किती वर्षे राहणार?’ हा आहे. भाच्याची बायको फोर्टला कामाला जाते आणि त्याचे ऑफिस ऐरोलीत आहे. उद्या तिची बदली अंधेरीला झाली, तर घणसोलीतले स्वतःचे घर दोघांच्या पायातली बेडी होईल. सात वर्षांच्या आत हलण्याची शक्यता दिसत असेल तर घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याजदराचा चढ सोसेल का, हेही पाहावे. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी), बांधलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. वरच्या उदाहरणात दर ८.५वरून १०.५ टक्के झाला, तर हप्ता ७४,९०० रुपयांच्या घरात जातो. तो दोघांपैकी एकाच्या पगारात, निदान सहा महिने, निभावेल का हे कागदावर लिहून पाहावे.

येऊ घातलेल्या मेट्रोच्या किंवा पुलाच्या भरवशावर जास्त किंमत मोजू नये. नवी मुंबईतील बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११मध्ये सुरू झाले आणि पहिली गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी; मधल्या बारा वर्षांत तळोजा परिसरात घर घेतलेल्यांनी हप्ते भरले ते रिक्षा आणि बसच्या रांगेत उभे राहूनच.

करसवलतीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही आणि घरभाडे भत्त्याचीही मिळत नाही, त्यामुळे ती निवडलेल्यांनी हा भाग सोडून द्यावा. जुन्या पद्धतीत राहणाऱ्यांना स्वतः राहत असलेल्या घरावर वर्षाला २ लाखांपर्यंत व्याजाची वजावट आहे.

भाड्याने राहायचे ठरले तर

महाराष्ट्रात १९९९चा भाडेनियंत्रण कायदा लागू आहे. केंद्राने जून २०२१मध्ये संमत केलेला आदर्श भाडेकरू कायदा, ज्यात राहत्या घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे, तो राज्यांनी स्वीकारावा असा नमुना आहे. आपल्याकडे त्याचा आधार घेऊन वाद घालता येत नाही. इथे अनामत किती, हे वाटाघाटीत ठरते.

लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असला तरी आपल्या राज्यात तो नोंदवणे सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांच्याला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते’ असे सांगणारा एजंट भेटला तर दुसरा शोधावा. करार नोंदलेला नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते; तेव्हा नोंदणीत मालकाचेही हित आहे. खर्च मोठा नसतो: एकूण भाडे आणि अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. २८,००० भाडे, एक लाख अनामत आणि अकरा महिने, एवढ्याला ते ८०० रुपयांच्या आसपास येते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये.

नोंदणी हल्ली घरबसल्या होते. भाच्याच्या वेळी एजंटचा मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे छोटे यंत्र घेऊन संध्याकाळी आला. घरमालकीण सत्तरीच्या होत्या आणि आयुष्यभर भांडी घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. यंत्र तीनदा ‘जुळत नाही’ म्हणाले. मग त्या मुलाने ओल्या फडक्याने अंगठा पुसायला लावला, तेवढ्यानेही भागेना तेव्हा दुसऱ्या हाताचा घेतला आणि तो लागला. या धांदलीत करारातला मजकूर कोणी वाचत नाही. तो आदल्या दिवशी मागवून शांतपणे वाचावा.

वाचताना पुढील गोष्टी पाहाव्यात. मुदतीआधी घर सोडायचे झाल्यास किती महिन्यांची नोटीस आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, मेंटेनन्स कोणाकडे, भाडेवाढ किती टक्के, आणि अनामत रक्कम किल्ली देताना त्याच दिवशी परत मिळणार की ‘नंतर’. हा ‘नंतर’ मला एकदा भोवला आहे. ठाण्यात एका घरमालकाने रंगाचे कारण सांगून माझे ३५,००० रुपये चार महिने अडवले आणि अखेर १२,००० कापून दिले. तेव्हापासून राहायला जाण्याच्या दिवशी मी प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि बाथरूमच्या टाइल्सचा फोटो काढून तो मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

सोसायटी मालकाकडून भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ‘सोसायटी जास्त लावते’ म्हणून भाडे वाढवू पाहणाऱ्या मालकाला ही मर्यादा सांगावी. भाडेकरूनेही एक लक्षात ठेवावे: मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

घ्यायचे ठरले तर

नवी मुंबईत सिडकोच्या जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत. फ्लॅट पुन्हा विकताना बहुतेक ठिकाणी सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. ते कोण भरणार, हे बयाण्याच्या आधी लिहून घ्यावे. मूळ गावांच्या गावठाणात आणि भोवती उभ्या राहिलेल्या इमारतींत तोच फ्लॅट निम्म्या किमतीत मिळतो, कारण अनेकदा त्यांना बांधकाम परवानगीच नसते आणि बँका कर्ज देत नाहीत. बँकेने नकार दिला की ती फुकट मिळालेली कायदेशीर तपासणी समजावी. दिवा आणि शीळ परिसरातही हीच काळजी घ्यावी; ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ कोसळलेल्या अनधिकृत इमारतीत ७४ माणसे गेली.

जुन्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावे होणे) झाले आहे का, हे तिन्ही पाहावे. नव्या प्रकल्पात महारेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते वाचावे. करार नोंदण्यापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सोसायटीला पुनर्विक्रीच्या वेळी २५,००० रुपयांपेक्षा जास्त हस्तांतरण अधिमूल्य मागता येत नाही. ‘देणगी’ या नावाखाली अधिक मागितले, तर लेखी मागणी मागावी.

भाच्याने शेवटी त्याच घरासाठी तेहेतीस महिन्यांचा करार केला, दरवर्षी ५ टक्के वाढ आणि दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटीस लिहून. हप्ता आणि भाडे यांत जो फरक आहे, त्यातले २५,००० रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला आवर्ती ठेवीत जातात. वहीतली ती दोन पाने ताईने मागून घेतली आणि कागदावरचा ७ टक्के हा आकडा चष्मा काढून दोनदा वाचला. पुढच्या पाडव्याला तिन्ही आकडे, म्हणजे त्या इमारतीतले नोंदलेले भाव, चालू भाडे आणि बँकेचा दर, पुन्हा लिहायचे ठरले आहे.